थांबलेल्या तारखेचे काय करायचे?

स्मरणरंजन आणि विज्ञानकथा यांचे मुळात फारसे पटत नाही. स्मरणरंजनाला काळ मिटलेला हवा असतो. पेटीतल्या शालूसारखा, अधूनमधून उलगडून पाहण्यापुरता. विज्ञानकथेला तोच काळ उघडून त्यात हात घालायचा असतो. मधल्या भागांत दोघींचा संसार सुखाने चालतो. शेवट जवळ आला की कुरबूर सुरू होते.

'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेचा शेवटचा भाग ३१ डिसेंबर २०२५ रोजी आला. त्याआधी कित्येक दिवस आमच्या वर्गात तर्क चालले होते. कोणी म्हणे, सगळा प्रकार म्हणजे त्या मुलांचा तळघरातला खेळच निघणार. कोणी 'इलेव्हन'ला आधीच मारून मोकळे झाले होते. सर्वांत लोकप्रिय तर्क काळ मागे फिरण्याचा. हॉकिन्स गावाखालचे ते उलटे जग ६ नोव्हेंबर १९८३ या तारखेवरच थांबलेले आहे, हे चौथ्या पर्वात उघड झाले होते. म्हणजे आता त्या तारखेपाशी जाऊन सगळे पुसून टाकायचे. मला हा तर्क फार स्वस्त वाटे. पाच पर्वांचे दुःख एका झटक्यात रद्द करणे ही वाचकाची (इथे प्रेक्षकाची) फसवणूकच.

तसे झाले नाही. काळ पुढेच गेला, मुले १९८९ साली शाळेतून बाहेर पडली, आणि माइकने मित्रांना इलेव्हन कुठेतरी जिवंत असल्याची गोष्ट सांगितली. पुरावा काही नाही. ज्याने त्याने विश्वास ठेवावा. म्हणजे प्रेक्षकांनी लावायचा तर्कच मालिकेने शेवट म्हणून ठेवला.

इथे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. गंगाधरपंत १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकलेल्या जगात जाऊन परत येतात, पण त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचे एक पान राहते. नारळीकर वैज्ञानिक, शेवटी कागद दाखवल्याखेरीज त्यांना चैन पडणार नाही. माइकपाशी असा कागद नाही. साहित्य म्हणून मला नारळीकरांचा शेवट अधिक पटतो, माणूस म्हणून कधीकधी माइकचा.

याचे कारण मी लोहाऱ्यात राहतो. स्मरणरंजनाचे ऐंशीचे दशक आमच्याही वाट्याला आले होते: १९८९ साली दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' ही मुलांच्या कालप्रवासाची मालिका लागे, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी गल्ली जमे. पण आमच्याकडे त्या दशकाचा शेवट पंचांगाप्रमाणे झाला नाही. तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरे माणसांवर बसली. आमच्या तालुक्यातले सास्तूर त्यात गेले. मी तेव्हा सातवीत होतो.

पुढे नवी गावे वसली. सरळ रस्ते, आखलेल्या ओळी, सारखी घरे. जवळच जुने गावठाण राहिले. बाभळी उगवल्या, कुठे उंबऱ्याचा दगड, कुठे आडाचा काठ. परदेशी लेखकांना उलटे जग कल्पावे लागले. आम्हाला ते चालत जाण्याच्या अंतरावर मिळाले, आणि त्यात राक्षस एकही नाही. बहुधा म्हणूनच त्यावर मालिका निघत नसावी.

निघालीच, तर शेवट कसा असावा? नव्या गावातली चार मुले गावठाणात उतरतात. तिथे कायमचे तीन वाजून पंचावन्न मिनिटे झालेली. भिंती उभ्या आहेत, दारे लोटलेली, ओसरीवर आजी निजलेली. मुलांनी तिला हाक मारायची की नाही? मारली आणि ती उठली, तर ज्यांनी तेहतीस वर्षे तिच्यावाचून काढली त्यांचे जगणे खोटे ठरते. म्हणून माझ्या आराखड्यात मुले हाक मारत नाहीत. एक जण तिच्या पायांशी बसतो, कंदील बारीक करतो, आणि सगळी परत फिरतात.

हा आराखडा मी बी. ए.च्या वर्गात सांगितला. वर्गातल्या कोणाचाही जन्म १९९३ पूर्वीचा नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, सास्तूरचीच, उठून म्हणाली, "सर, एक मिनिट होतं ना त्यांच्याजवळ? मग बसला कशाला तो?"

शेवटचा भाग अजून लिहायचा आहे.