कमाटीबागेतले पिंगळे

सयाजीबाग म्हटलं तर आपल्या बडोदेकरांना क्षणभर थांबावं लागतं, कमाटीबाग म्हटलं की झालं. १८७९ सालची बाग, त्यामुळे झाडंही तशीच जुनी, ढोल्या पडलेली. त्यातल्या एका ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. मी संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा पाच मिनिटं तिथे ठरलेली.

आईला मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. बाबा गेले त्या रात्री गच्चीवर पिंगळा ओरडत होता, हे ती आजही सांगते. तेव्हापासून दिवेलागणीला घरच्या सगळ्या खिडक्या बंद. भर मे महिन्यातसुद्धा! वास्तविक तिच्या माहेरी, साताऱ्याकडे, पहाटे कंदील नि कुडमुडं घेऊन पिंगळा जोशी यायचा, पक्ष्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगायचा, आणि आजी त्याला सूपभर धान्य घालायची. तो चालायचा, पक्षी नाही.

फेब्रुवारीत एकदा तिला रिक्षात घालून बागेत नेलंच. अंधार पडता पडता दोघं ढोलीबाहेर आली. मैनेएवढा जीव, अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे. आमच्याकडे बघून मान खाली-वर, खाली-वर. मग दोघांची चिरचिर सुरू झाली. आई म्हणाली, "अगं, ही तर भांडतायत!" बराच वेळ बघत उभी राहिली, गुडघे दुखत असून.

परतताना मी तिला सांगितलं, हे नाकतोडे, भुंगे, उंदीर, पाली खातात. दिव्याभोवती किडे जमतात, म्हणून दिव्यापाशी येतात. आजारी माणसाच्या घरी दिवा रात्रभर जळतो. बाबांच्या खोलीतला तर महिनाभर विझला नव्हता.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखाच जागा होता म्हणायचा."

खिडक्या अजून लावतेच. डास येतात म्हणे.

कुणी बघायला जाणार असाल तर लांबूनच बघा, टॉर्च मारू नका, हे दिवस त्यांच्या अंड्यापिल्लांचे असतात. त्यांना स्वतःला झाड पोखरता येत नाही, आयती ढोली लागते. तेव्हा आपल्या सोसायटीत जुनी पोकळ फांदी तोडायला निघाले, तर आधी आत कोण आहे ते बघायला सांगा.

आमच्या शेजारच्या गुजराती मासी याला चिबरी म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींनो, तुमच्याकडे काय म्हणतात?