वेलांटीचा जवाब

डोंबिवली,
नागपंचमी

तीर्थस्वरूप शाहीर काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्हाला काका म्हणून हाक मारायची ही माझी पहिलीच वेळ. आमच्या घरात तुमचं नाव ‘तुरेवाला’ एवढंच होतं आणि लहानपणी मी ते दातओठ खाऊन घेत असे. तुमचा पत्ता आबांच्या झीलकऱ्यांनी दिला. ते आता वसईला मुलाकडे असतात. तुम्ही लांज्याकडे गावी आहात, तब्येत बरी आहे, संध्याकाळी देवळात बसता, एवढं त्यांच्याकडून कळलं आणि फार बरं वाटलं.

आबांना जाऊन येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होतील. तुम्हाला कळलं असेलच. तेव्हापासून मी त्यांच्या आठवणी गोळा करते आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून २००४ मध्ये एक मोठं पुस्तक केलं. ते वाचल्यापासून मनात होतं की आपणही आबांना समोर बसवून सगळं विचारून घ्यावं. आज विचारू, गणपतीत विचारू, असं करता करता ते राहून गेलं. आता दुसऱ्यांना विचारत फिरते.

माझी लेक शेजारी बसून हे वाचते आहे. तिने जाखडी फक्त मोबाइलवर पाहिली आहे. तुम्हाला ठाऊक असलेलंच तिच्यासाठी चार ओळींत लिहिते, तेवढी मुभा द्या. मधे ढोलकीवाला, शाहीर आणि त्याची ओळ झेलणारे झीलकरी बसलेले. त्यांच्याभोवती आठ-दहा गडी गोल धरून, एका पायात चाळ बांधून नाचणारे. जखडलेली साखळी म्हणून जाखडी, असं आबा सांगत. मुंबईत लोक बाल्या नाच म्हणत, कारण कोकणातून आलेल्या गड्यांच्या कानात बाळी असायची. गावात गौरी-गणपतीला अंगणात नाचायचे आणि मुंबईत हॉल घेऊन सामना लावायचा, शक्ती विरुद्ध तुरा. शक्तीवाले आदिमायेला थोर मानणार, तुरेवाले शंकराला. आधी गण, मग गौळण, मग सवाल आणि जवाब. एका बाजूची बारी संपली की दुसऱ्या बाजूची, असं रात्र सरेपर्यंत.

आबा शक्तीवाले, तुम्ही तुरेवाले. आबा गिरणीच्या साचेखात्यात विणकर, तुम्ही गोदीत. गावाच्या नावाने घेतलेल्या लालबागच्या खोलीत आबांचं मंडळ जमायचं. त्या एका खोलीत पाळ्यांप्रमाणे माणसं झोपायची, त्यामुळे तालमीची वेळ दुसरी पाळी सुटल्यावरची, रात्री बारानंतरची. ढोलकीवर टॉवेल टाकून वाजवायचे, म्हणजे झोपलेल्यांची झोप मोडू नये. हे मला झीलकऱ्यांनी सांगितलं. टॉवेल टाकलेल्या ढोलकीचा आवाज कसा येत असेल, याचा विचार मी पुढे कितीतरी दिवस करत होते. शेवटी घरातल्या ढोलकीवर टाकून पाहिला. दूरच्या दारावर कुणी थाप मारावी तसा आवाज आला.

आता कामाचं सांगते. आबांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. गिरणीच्या हिशेबाच्या जुन्या कागदांना दोरा घालून शिवलेल्या. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण शिरोरेघ एकदम सरळ. पहिल्यांदा वाचायला घेतल्या तेव्हा मी गोंधळून गेले. प्रत्येक पद मधूनच सुरू होतं. ‘नाही’ने सुरू होतं, ‘ऐक मग’ने सुरू होतं, ‘ते खरं असेल तर’ने सुरू होतं. कोण काय म्हणालं, कशाला नाही, काय खरं असेल, काही लागत नाही. टेलिफोनवर बोलणाऱ्याजवळ बसल्यावर फक्त त्याचंच बोलणं ऐकू यावं, तसं ते वाचताना वाटलं. आबांनी आपले जवाब लिहून ठेवले. सवाल तुमचे होते, ते तुमच्या वहीत राहिले.

तुमच्याशिवाय माझे आबा निम्मेच सापडतात, काका. हे समजायला मला दीड वर्ष लागलं. मी आपली त्यांच्याच माणसांकडे जात राहिले.

कॅसेटचंही तसंच. आखातातून आलेल्या माझ्या मामेभावाने टेपरेकॉर्डर आणला होता आणि १९८६ साली परळच्या दामोदर हॉलमधला तुमचा-आबांचा सामना त्याने भरून घेतला. नव्वद मिनिटांची एकच कॅसेट, रात्र मोठी. म्हणून तुमची बारी आली की तो बटण दाबून यंत्र थांबवायचा. ‘तुरेवाल्यावर फीत कशाला घालवायची,’ असं तो आजही सांगतो. आता त्याला फार वाईट वाटतं.

त्या कॅसेटवर आबांनी वेलांटी घातली आहे. म्हणजे ते जुनंच कोडं: ‘शिव’ या शब्दातली वेलांटी काढली की ‘शव’ उरतं, ती वेलांटी म्हणजेच शक्ती, मग थोर कोण? शक्तीवाल्यांचं हे ठरलेलं हत्यार. आबांनी ते सावकाश बाहेर काढलं आहे. आधी सगळी सृष्टी फिरवून आणली, मग एक एक अक्षर सुटं केलं आणि शेवटी वेलांटी चिमटीत धरून उचलावी तशी उचलली. हॉल दणाणलेला ऐकू येतो. मग खट्ट. यंत्र थांबलं. पुन्हा खट्ट होऊन सुरू होतं तेव्हा आबा हसत असतात.

बारा-तेरा सेकंद. मोकळं, पोटातून आलेलं हसू. मग ते घसा साफ करतात आणि पुढचं पद शंकराला नमस्कार करून सुरू करतात. त्यांच्या तिन्ही वह्यांत असा नमस्कार दुसरीकडे कुठेही नाही.

माझ्याकडे आबांचं हसणं असलेला तेवढाच तुकडा आहे. घरी ते हसत नसत असं नाही, पण ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर कमी हसायचे. ते कशाला हसले ते मला माहीत नाही. झीलकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘बाय, तुरेवाल्या बुवानं एकच ओळ म्हटलान आणि आमीपण सगळे हसलो. वेलांटीवरच कायतरी होतं. आता नाय आठवत गो.’ ढोलकीवाले वारले. नाचणाऱ्यांपैकी दोघे भेटले, त्यांना हसणं आठवतं, ओळ आठवत नाही. हॉलपाशी जाऊन यावं असं मनात येतं. पण १९२२ सालापासून गिरणगावाच्या कलावंतांना आसरा दिलेला तो हॉलही २०२३ मध्ये बंद झाला. तिथे जाऊन काय विचारणार.

त्या सामन्याच्या वेळी मी चौदा वर्षांची होते आणि तुमचा मला फार राग यायचा. आबांच्या केसांत कापसाचे तंतू असायचे. कितीही धुतलं तरी कानामागे थोडे राहायचेच. तुम्ही भर सामन्यात त्या कापसावरून टोमणे मारलेत, आणि गिरणी सुटल्यावरसुद्धा मारलेत. लोक हसले. मी बायकांच्या रांगेत आईच्या पदरात तोंड लपवून रडले. घरी येताना आबांना म्हटलं, ‘त्या माणसाशी पुन्हा गाऊ नका.’ ते थांबले आणि म्हणाले, ‘मग गाऊ कुणाशी?’ ते चिडून म्हणाले असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

आता एक गोष्ट मी तुम्हाला सांगते, कारण ती तुम्हाला कुणी सांगितली नसणार. झीलकरी म्हणाले, तुमची नेहमी तक्रार असायची की आबा तुमच्या बारीला डोळे वटारून तोंडाकडे बघत बसतात, पापणी हलवत नाहीत, समोरच्याला गाताना धाक घालतात. काका, आबांना ऐकू येत नव्हतं. शेकडो साचे एका छताखाली, धोट्याचा ठोका अखंड, त्यात सव्वीस वर्षं काढली. साचेखात्यातली माणसं एकमेकांशी ओठांनी आणि बोटांनीच बोलायची. पस्तिशीतच आबांचा डावा कान गेला होता, उजवा अर्धा. तुमचा प्रत्येक सवाल त्यांनी तुमच्या ओठांवरून वाचला आहे. म्हणूनच ते नेहमी तुमच्या समोरची जागा धरायचे आणि दिवा तुमच्या तोंडावर पडेल असा टांगायला सांगायचे. मंडळातल्या दोघा-तिघांनाच हे ठाऊक होतं. बाहेर कळलं असतं तर सामन्याच्या सुपाऱ्या बंद झाल्या असत्या.

त्या नजरेत धाक नव्हता. तुमचं एक अक्षरही सुटू नये म्हणून ते जिवाचे डोळे करून बसायचे.

शाहीर अमर शेखांचा आवाज आबांनी गिरणगावात तरुणपणी ऐकला होता. तो घणघणता पहाडी आवाज त्यांना शेवटपर्यंत आठवायचा. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर यांच्या कलापथकावर लोकांनी लिहिलं, लिहायलाच हवं होतं. पण गावकीच्या खोल्यांतून असे किती शाहीर पाळी सांभाळून गात होते, त्यांच्या वह्या कुणाच्या माळ्यावर पडल्या, कुणाच्या रद्दीत गेल्या. हे मनात आलं की मला झोप लागत नाही.

संपाचंही लिहिते, कारण त्यात तुम्ही आहात. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला. अडीच लाख माणसं बाहेर. त्या वर्षीच्या गणपतीला सामने कोण ठेवणार? तरी तुम्ही एका ठिकाणची सुपारी घेतलीत आणि समोर आमचंच मंडळ हवं म्हणून अडून बसलात. आईने मला हे आत्ता, या उन्हाळ्यात सांगितलं. बिदागीचं पाकीट घरी उघडलं तर ठरल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे होते. आबांनी चौकशी केली तेव्हा कळलं की तुमच्या वाटचे त्यात आहेत. ते रात्रभर बसून राहिले. परत करायचे तर घरात तांदूळ नव्हता. सकाळी उठून त्यांनी पाटी-पेन्सिल घेतली आणि तुम्हाला घालायचा एक सवाल रचला, आजवरचा सगळ्यात अवघड. आई म्हणाली, ‘अहो, ज्यानं पैसे दिले त्यालाच?’ त्यावर आबा म्हणाले, ‘त्याची भीड धरून सोपं विचारलं तर त्याचा अपमान होईल.’

तो सवाल कोणता हे तुम्हाला आठवतं का? वहीत त्याची काहीच खूण नाही. जवाब तुम्ही दिला होतात की नव्हतात, तेही आई सांगू शकत नाही.

आबांच्या ट्रंकेत पोथ्या होत्या. श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप. देवीमाहात्म्य तर असणारच, शक्तीवाल्याचं ते भांडवल. पण सगळ्यात झिजलेली, पानांच्या कडा मऊ पडलेली, तीनदा बांधून घेतलेली पोथी कोणती म्हणाल, तर शिवलीलामृत. शेवटपर्यंत ते ती वाचत होते. मला वाटायचं, म्हातारपणी शंकराची भक्ती लागली. परवा नीट उघडून पाहिली तर समासात बारीक पेन्सिलीने जागोजागी खुणा आहेत, आणि प्रत्येक खुणेपाशी एकच अक्षर: ‘तु’. तुरा म्हणायचं असेल. इथून तो सवाल काढेल, इथून काढेल. शेवटचा सामना होऊन वीस वर्षं झाल्यावरच्या खुणाही त्यांत असाव्यात, कारण काही अक्षरं थरथरत्या हाताची आहेत.

मला येऊन भेटायचं आहे. गणपतीआधी गर्दी होईल, म्हणून पुढच्या आठवड्यात दिवा पॅसेंजरने येते. कॅसेट आणते आणि ती वाजवायचं यंत्रही आणते. लेकीने कुठून तरी जुनं मिळवून दुरुस्त करून घेतलं आहे. तिन्ही वह्याही आणते. तुमच्या वह्या असतील तर दोन्ही शेजारी ठेवून जुळवू. नसतील तर तुम्ही आठवेल तसं सांगा, लेक लिहून घेईल.

वेलांटीवरची ती ओळ मात्र आठवून ठेवा. तुम्ही आधी ती म्हणा, तेव्हा म्हटली होती तशीच, चालीत. मग मी यंत्र सुरू करीन.

आणि काका, मी त्यांची मुलगी आहे म्हणून एकही टोमणा गाळू नका. कापसाचेसुद्धा.

काकूंना नमस्कार. कळावे.

आपली,
शक्तीवाल्यांची थोरली