हजार सामन्यांचा रोजंदार

इंग्रजीत 'जर्नीमन' असा एक शब्द आहे. आपल्याला त्यात प्रवास ऐकू येतो आणि गावोगाव हिंडणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षात या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेतील दिवसभराच्या कामाशी जोडलेले आहे. उमेदवारी संपवून कसब हाती आलेला, परंतु स्वतःचे दुकान नसल्याने दुसऱ्याकडे दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर, हा त्याचा जुना अर्थ. आपला 'रोजंदार' हा शब्द त्याच्या जवळचा खरा. पण रोजंदार म्हटले की आपल्याला बिनकसबी मजुरी आठवते. जर्नीमनकडे कसब असते, फक्त हक्काचे ठिकाण नसते.

फुटबॉलमध्ये हा शब्द फार चालतो. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये चार श्रेणी आणि ९२ संघ आहेत. वरच्या श्रेणीतील नावे तुम्हांला वृत्तपत्रांतून ठाऊक असतील. खालच्या श्रेणींतील करार मात्र बहुधा वर्षा-दोन वर्षांचे, कधी तर महिन्या-महिन्याचे. हंगाम संपला की कोणाला ठेवायचे आणि कोणाला मोकळे करायचे, याची यादी तयार होते. त्यातही स्ट्रायकरचे जिणे अधिक अवघड. तो किती धावला, सहकाऱ्यासाठी किती जागा मोकळी केली, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. त्याच्या नावापुढे फक्त गोलांचा आकडा राहतो.

स्टीव्ह क्लॅरिज हा असाच एक स्ट्रायकर. १९६६ साली पोर्ट्समथमध्ये जन्मलेल्या या खेळाडूने बोर्नमथपासून सुरुवात केली आणि पुढे वीसेक वर्षांत इतके संघ बदलले की ती यादी एखाद्या पॅसेंजर गाडीच्या थांब्यांसारखी वाटते: वेमथ, ऑल्डरशॉट, केंब्रिज युनायटेड, ल्यूटन, बर्मिंगहॅम, लेस्टर, पोर्ट्समथ, वुल्व्ह्ज, मिलवॉल आणि त्यापुढेही कितीतरी. यांपैकी ऑल्डरशॉटचा जुना संघ १९९२ मध्ये कर्जापायी बुडाला. गुडघ्याखाली घसरलेले मोजे आणि सदैव अस्ताव्यस्त वाटणारे रूप ही क्लॅरिजची ओळख. त्याच्या पायांत जादू होती, असे कोणी म्हणणार नाही. पण चेंडूमागे धावणे त्याने कधी सोडले नाही.

हे मला इतके जवळचे का वाटते, ते सांगतो. मी चौदा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवली. आमचाही हंगाम होता: पावसाळ्याच्या तोंडाशी नेमणूक, उन्हाळ्यात निरोप. एका महाविद्यालयातील माझे काम संपल्याचे मला पत्राने कळले नाही. नव्या वेळापत्रकात माझे नाव नव्हते, एवढेच. घरी दर उन्हाळ्यात एकच प्रश्न असे, "यंदा कुठे?" आणि लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारत, "सध्या कुठे असता?" आपल्या भाषेची ही खोड पाहा. माणूस काय करतो, यापेक्षा तो कुठे असतो, हे आपण आधी विचारतो. वर्गात मी काय शिकवत होतो आणि ते मुलांपर्यंत किती पोहोचत होते, हे मला सांगता आले असते. पण ते कोणी विचारत नव्हते.

हा प्रश्न तुमच्याही ओळखीचा असेल. ही पुस्तिका तुम्ही पाळी संपवून आल्यावर, किंवा घरातली माणसे झोपल्यावर वाचत असाल. "कोणत्या कॉलेजात?" असे कोणी विचारले की तुम्हांला एखाद्या इमारतीकडे बोट दाखवता येत नाही. मग आपला अभ्यासच जणू कमी खरा आहे, असे वाटू लागते.

अशा वेळी यशाच्या गोष्टी सांगून धीर देण्याची प्रथा आहे. क्लॅरिजच्या आयुष्यात तशी गोष्ट आहेही. १९९६ च्या मे महिन्यात वेम्बली मैदानावर लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्यात प्रीमियर लीगमधील जागेसाठी अंतिम लढत झाली. हे तेच पॅलेस, ज्याने काही वर्षांपूर्वी क्लॅरिजला करारबद्ध करूनही लीगच्या एकाही सामन्यात खेळवले नव्हते. जादा वेळेचा शेवटचा मिनिट, बरोबरी, पेनल्टींची तयारी सुरू. तेवढ्यात क्लॅरिजने दुरून मारलेला चेंडू त्याच्या नडगीला लागून जाळ्यात गेला.

परंतु या गोलावर मी तुम्हांला थांबवणार नाही. बहुतेक रोजंदारांच्या वाट्याला वेम्बली येत नाही. मला अधिक मोलाचा वाटतो तो ९ डिसेंबर २००६ चा सामना. त्या दिवशी चाळिशीतला क्लॅरिज, जिथून आरंभ केला त्याच बोर्नमथकडून, पोर्ट व्हेलविरुद्ध आपला हजारावा सामना खेळला. बिगर-लीग सामनेही धरून केलेली ही मोजणी होती. बोर्नमथ चार विरुद्ध शून्य असे हरले. हजाराव्या दिवशीही मैदानाने त्याला काही बक्षीस दिले नाही. दिला तो फक्त एक दिवसाचा खेळ, आधीच्या ९९९ दिवसांसारखाच.

त्यानंतरही तो लहान संघांतून खेळत राहिला. कुठे असता, या प्रश्नाला त्याच्यापाशी कायमचे उत्तर कधीच नव्हते. काय करता, याला मात्र होते.