मान वर करत नाहीत

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
६ सप्टेंबर

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी आलीस, दोन थालीपिठं खाल्लीस आणि तासभर तुझ्या अकरावीच्या वर्गाच्या नावानं बोटं मोडलीस. ‘आत्या, मी वर्गात शिरले तरी एकजण मान वर करत नाही, मग मान देणं तर लांबच.’ कोटी चांगली होती, म्हणून हसले. तुझी रिक्षा गेल्यावर मात्र विचार करत बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

मी शिकवायचे तेव्हा मुलं बाईंचा आदर करायची, असं तुला वाटतं. कसला आदर! घाबरायची. बाई दिसल्या की अख्खा वर्ग ताडकन उभा, ‘एक साथ नमस्ते’, आणि बाईंची पाठ वळली की नकला सुरू. पुढे शिक्षण हक्क कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम १७ नं मारायलाच नव्हे, मुलांना मानसिक त्रास द्यायलाही बंदी केली. स्टाफरूममध्ये काय हळहळ तेव्हा! ‘आता कार्टी डोक्यावर बसणार.’ मीही त्यात सूर मिसळला होता, तुझ्यापासून काय लपवायचं? छडी मी केव्हाच सोडली होती. जीभ होती ना!

ती जीभ मला एका मुलीनं ऐकवली. शिक्षकदिन होता. दहावीच्या मुली आईच्या साड्या नेसून बाई झालेल्या आणि आम्ही मागच्या बाकावर. माझा तास घ्यायला आलेली मुलगी उंच, पदराला चार पिना. तिनं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि वर न बघता एकेक वही भिरकावायला लागली. ‘हे काय अक्षर आहे? पुढचा नंबर!’ ‘सत्तावीस, डोकं घरी ठेवून आलास?’ वर्ग खो खो हसत होता. मीही हसले, पहिल्या दोन वह्यांपर्यंत. तिसरी बाकावरून घसरून खाली पडली. ज्याची होती तो मुलगा वाकला, वही उचलली, कव्हरची धूळ शर्टाला पुसली आणि गुपचूप जागेवर जाऊन बसला. ती मुलगी माझं सोंग वठवत होती. तो मात्र रोज करायचा तेच करत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी नाव घेऊन वही हातात द्यायला लागले. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं त्यात जायची. चमत्कार काही झाला नाही, मागचे दोन टारगट तसेच टारगट राहिले. पण महिन्याभरानं कोणीतरी म्हणालं, ‘बाई, फळ्यावर वेलांटी चुकलीय.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा! म्हणजे त्याआधी माझी वेलांटी कधी चुकलीच नव्हती की काय?

तू म्हणशील, सुरुवात आपणच का करायची? आपल्या पुढच्याच स्टेशनातली गोष्ट सांगते. १९४५ साली बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. तिथे अनुताई वाघांना बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भेटल्या आणि दोघी बोर्डी गावी गेल्या. तिथल्या दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. ‘यांना शिक्षणाची किंमतच नाही’ म्हणून हात झटकता आले असते, आपण स्टाफरूममध्ये झटकतोच की. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडला वारल्यांची पोरं गुरांमागे रानात जायची, तर शाळा कुरणात गेली, कुरणशाळा म्हणून. महागडी साधनं सोडून शिंपले, पानं, बिया घेतल्या, कारण पोरांच्या हाताला त्यांची ओळख होती. विद्यार्थ्याला याहून मोठा मान दिलेला मला ठाऊक नाही. आणि ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, नाव झालेल्या बाई होत्या हं!

तुला कुरणात जायचं नाही, ठाकूर व्हिलेजमधल्या पंख्याखाली शिकवायचंय. तिथे टॉवरमधला पोरगा आणि दामूनगरच्या टेकडीवरचा एकाच बाकावर बसतात. पहिल्याचं नाव तू रविवारी तीनदा घेतलंस, दुसऱ्याला ‘तो एक’ म्हणालीस. मला ते खटकलं.

मुलांचे लाड कर असं नाही म्हणत मी. उशिरा आलेल्यानं दारात थांबून विचारूनच आत यायचं, हे ठणकावून सांग. फक्त तू उशिरा पोचलीस तर तूही सॉरी म्हण. आणि हजेरी घेताना स्वतःचा मोबाइल पर्समध्ये टाक. रविवारी माझ्यासमोर तो चार वेळा वाजला, चारही वेळा तू उचललास, माझं वाक्य अर्धं टाकून.

येत्या रविवारी येताना वर्गाची यादी आण. मी चहा टाकते, तू नंबर न बघता नावं सांग. किती येतात बघू.

तुझी,
आत्या

ता. क. : स्टीलचा डबा परत आण.