एकच माप, दोन विद्या

बारावीचा निकाल लागला कीं नातेवाइकांचा पहिला प्रश्न 'किती टक्के?' हाच असतो. कोणत्या विषयांत, हें विचारण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. आमच्या नगरच्या एकत्र कुटुंबांत यंदा दोन मुलांची वाट ठरावयाची होती. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांस अभियांत्रिकीची ओढ. थोरल्या दादांच्या कन्येस इतिहासाची. मुलाचें सर्वांनीं कौतुक केलें, मुलीस मात्र काकूंनीं विचारलें, "अग, इतके चांगले गुण असतांना आर्ट्स कशाला?" आमच्या मतें दोष काकूंचा नाहीं. प्रवेशाच्या पद्धतीनेंच समाजास असें बोलावयास शिकविलें आहे.

अभियांत्रिकीच्या प्रवेशास निदान एक विचारपूर्वक ठरविलेली कसोटी आहे. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा दोनशें गुणांची. त्यांत गणितास १००, पदार्थविज्ञान व रसायन यांस प्रत्येकीं ५०. जी विद्या पुढें शिकावयाची, तिचा पाया प्रथम तपासला जातो. १९८३ सालीं लोणी, संगमनेर व कोपरगांव येथें अभियांत्रिकी महाविद्यालयें निघालीं, तेव्हांपासून आपल्या जिल्ह्यांतील मुलांस हें शिक्षण घराजवळ मिळूं लागलें. पूल बांधणाऱ्याचें गणित कच्चें असेल तर त्याची किंमत इतरांस मोजावी लागते. म्हणून ही कसोटी कडक असावी हें योग्यच.

परंतु बी. ए.चें काय? नगरांत १९४७ पासून अहमदनगर कॉलेज आहे. नंतर आणखीहि निघालीं. अशा बहुतेक ठिकाणीं बारावीचे एकूण टक्के हेंच माप. रसायनांत मिळविलेले गुण इतिहासाच्या वर्गांत प्रवेश देतात, आणि इतिहासाची खरी गोडी आहे कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. केंद्रीय विद्यापीठांनीं २०२२ पासून सामाईक परीक्षा सुरू केली. पण तींतहि पर्यायांतून उत्तर निवडावयाचें असतें. चार पर्यायांवरून स्मरण कळेल. एखादा उतारा वाचून स्वतःचें मत सप्रमाण मांडतां येतें कीं नाहीं, तें कसें कळावें?

कोणी म्हणतील, मग मुलाखती घ्याव्या. येथें आम्ही सावध राहूं इच्छितों. मुलाखत म्हटली कीं वशिला आला, आणि घरांत पुस्तकें असणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मुलांचें फावलें. अकोले किंवा पाथर्डीच्या खेड्यांतून आलेली मुलगी बुजेल. पण लिहावयास बसविली तर कदाचित् सर्वांच्या पुढें जाईल. म्हणून आमची सूचना अशी : कलाशाखेसाठीं दोन तासांची लेखी परीक्षा असावी, एक अपरिचित उतारा द्यावा, मराठींत उत्तर लिहिण्याची मुभा असावी, आणि तपासणाऱ्यास विद्यार्थ्याचें नांव कळूं नये. बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते धरावे.

तपासण्यास श्रम व खर्च पडतील, हें खरें. जेथें जागांहून अर्ज कमी, तेथें ही परीक्षा नाकारण्यासाठीं नव्हे, तर विद्यार्थ्याची उणीव ओळखून ती भरून काढण्यासाठीं घेतां येईल. मात्र जोंवर कलाशाखा ही उरलेल्यांची शाखा समजली जाईल, तोंवर आपणांस उद्यांचे शिक्षक, संपादक व न्यायाधीश योगायोगानेंच मिळतील. यंत्रें चालविणारा निवडतांना आपण जी काळजी घेतों, ती माणसांचे व्यवहार जाणणारा निवडतांना कां घेऊं नये?