धडधड की ठणका?

मागच्या वर्षी एका रात्री फिनलंडहून मेसेज आला. माझ्या जुन्या पेशंट, वय 71, मुलाकडे एस्पूला गेल्या होत्या. तिथल्या नर्सने सुनेशी फोनवर बोलून फिनिशमध्ये टिपण लिहिलं होतं आणि दोन दिवसांनंतरची वेळ दिली होती. टिपणातलं क्रियापद होतं 'त्युक्युत्तॅ'. मुलाने मोबाइलवर इंग्रजी अर्थ शोधला: पाउंड, थ्रॉब. त्याने मला लिहिलं, "डॉक्टर, आईला थ्रॉबिंग होतंय."

थ्रॉबिंग म्हटलं की मला अर्धशिशी आठवते. बीपी बघा, पॅरासिटामॉल द्या, असं कळवून मी झोपलो. कुठे होतंय, हे विचारलंच नाही. चूक माझी.

सकाळी काकूंचाच व्हिडिओ कॉल. "अहो, डोकं कुठलं? छातीत धडधडतंय!"

फिनिशमध्ये हे क्रियापद प्रामुख्याने हृदयासाठीच वापरतात. इंग्रजीत मात्र थ्रॉब दाताचंही होतं आणि हृदयाचंही. रोनाल्ड मेल्झॅक यांच्या 1975 च्या प्रसिद्ध वेदना-प्रश्नावलीत थ्रॉबिंग आणि पाउंडिंग एकाच गटात आहेत. आपल्याकडे दात ठणकतो, गळू ठुसठुसतं, छाती धडधडते. 'मला धडधडतंय' या वाक्यात कोण धडधडतंय ते आपण सांगत नाही; फिनिश माणूसही 'मळमळतंय' असंच, कर्ता न ठेवता म्हणतो. म्हणजे काकूंचं मराठी आणि नर्सचं फिनिश एकमेकांना नीट कळलं असतं. घोळ मधल्या इंग्रजीने केला. आणि माझ्या घाईने.

फरक महत्त्वाचा आहे. ठणका हृदयाच्या ठोक्याबरोबर पडतो असं वाटतं, पण दातदुखीच्या रुग्णांवरच्या 2012 च्या एका अभ्यासात ठणके मिनिटाला सरासरी 44 होते आणि नाडी 73. धडधडीचं तसं नाही. तिथे प्रश्न थेट हृदयाच्या लयीचा असतो.

मी काकूंना म्हटलं, "आत जसं वाटतंय तसं बोटाने टेबलावर वाजवून दाखवा." टक. टक-टक. मग थांबलं. टक-टक-टक. ताल कुठेच नव्हता. मुलाला मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला लावली. वेगवान आणि वेडीवाकडी. दोन दिवसांची वाट न बघता आजच ईसीजी काढा, असं सांगितलं. निदान आलं: एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली.

प्रत्येक धडधड अशी नसते. चहा जास्त झाला, ताप आला, काळजी वाटली, रक्त कमी असलं, थायरॉईड वाढलं तरी धडधडतं. पण सोबत छातीत दुखणं, दम लागणं किंवा चक्कर येऊन पडणं असेल तर थांबू नका. इथे 108, फिनलंडमध्ये 112.

काकू आता पुण्यात परत आल्या आहेत. तपासायला आल्या की मी विचारण्याआधीच टेबलावर बोट वाजवून दाखवतात. मुलालाही त्यांनी ताकीद दिली आहे: डॉक्टरांना मराठीतच लिही.