दोन सरळ तुकडे

पूल खेळायला लागून मला चार महिने झाले होते. पूल पार्लरमधल्या क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, एकसंध असतात. रॅकमधून हाताला येईल ती घ्यायची. मला स्वतःची हवी होती, म्हणून तिथल्याच एका जुन्या खेळाडूकडून दोन तुकड्यांची वापरलेली क्यू विकत घेतली. मागचा जाड भाग म्हणजे बट. पुढचा निमुळता, मेपलच्या लाकडाचा शाफ्ट, त्याच्या टोकाला 13 मिलिमीटरची चामड्याची टिप. बटच्या तोंडातून एक पोलादी पिन बाहेर आलेली असते, तिच्यावर शाफ्ट फिरवून बसवायचा. जोडली की लांबी 58 इंच.

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये मी ती जोडली आणि टेबलावर आडवी ठेवून हळूच घरंगळवली. टिप उडायला लागली. प्रत्येक फेऱ्यात एकदा कापडावरून वर उचलली जायची आणि पुन्हा खाली बसायची. मला वाटलं, टेबलच उताराचं असेल. दुसऱ्या टेबलावर नेऊन पाहिलं, तिथेही तेच. शेजारी खेळणाऱ्या एकाने एका नजरेत निकाल दिला, “शाफ्ट वाकलाय. नवा घ्यावा लागेल.” दुसऱ्याचं म्हणणं, मागच्या टोकाला आत वजनाचा बोल्ट असतो, तो ढिला झाला असेल. रबरी बूच काढून लांब ॲलन कीने तोही आवळून पाहिला. टिप उडतच राहिली.

घरी आल्यावर दोन्ही तुकडे वेगळे केले आणि डायनिंग टेबलाच्या काचेवर एकेक फिरवून पाहिले. शाफ्टखालून दिसणारी उजेडाची रेघ फिरताना जराही जाड-बारीक होत नव्हती. बटचंही तसंच. दोन्ही तुकडे सरळ! मग दोन सरळ वस्तू जोडून वाकडी वस्तू तयार कशी होते? त्या रात्री मी ती क्यू निदान वीस वेळा जोडली आणि सोडली. आवळून जोडली, सैल ठेवून जोडली. काही कळेना.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. भोसरीच्या कारखान्यांत तीस वर्षं टर्नर होते, आता त्यांचं स्वतःचं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. पूल त्यांनी कधी खेळलेला नाही. क्यू हातात घेऊन त्यांनी जोडली आणि बटचा रबरी बुडखा फरशीवर हलकेच आपटला. सांध्यातून बारीकशी खरखर ऐकू आली.

“अगं, शाफ्टकडे काय बघतेस? तोंडं बघ.”

तोंडं म्हणजे सांध्यात एकमेकांना टेकणारे दोन्ही सपाट पृष्ठभाग. बटच्या कडेला निळसर कीट बसली होती, खडूची पूड आणि जुनं मेण घट्ट झालेलं. एवढ्याशा मळाने काय होणार, असं मी म्हटल्यावर काकांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशोब मांडला. सांध्याची जाडी साधारण 21 मिलिमीटर. एका बाजूला 0.1 मिलिमीटरचा कण अडकला, तर शाफ्ट तेवढाच कलतो. पण शाफ्टची लांबी साधारण 735 मिलिमीटर, म्हणजे सांध्याच्या पस्तीस पट. टोकाला तो कल साडेतीन मिलिमीटर होतो. आणि क्यू फिरवली की टोक एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. म्हणजे सात मिलिमीटरची उडी. हा हिशोब पाहिल्यावर माझ्या डोक्यातला गुंता सुटला. लाकूड सरळच होतं, चूक सांध्यात होती.

जुन्या टूथब्रशने पिनेचे आटे साफ केले, कोरड्या फडक्याने तोंडं पुसली, शाफ्टच्या भोकात कान साफ करायची कापसाची काडी फिरवली. तेल लावू का विचारलं, तर काकांनी हात धरला. तेल लाकडात मुरतं आणि धूळ ओढून घेतं. पुन्हा जोडून घरंगळवली. उडी निम्म्यावर आली होती, पण गेली नव्हती.

उरलेला दोष कोणत्या तुकड्यात आहे हे शोधायला दुसरा शाफ्ट हवा होता. पार्लरमधल्या एका मैत्रिणीने तिचा दिला. पण तो पिनेच्या टोकाशीच अडकला, एकही आटा बसला नाही. मी जोर लावणार, तेवढ्यात काकांनी थांबवलं. माझी पिन 3/8 इंचाची, इंचाला 10 आटे. तिच्या शाफ्टचं भोक होतं 5/16 इंचाच्या, इंचाला 18 आटे असलेल्या पिनेसाठी. दामटून बसवला असता तर तिचेही आटे गेले असते. ही मापं क्यू विकत घेताना विचारायची असतात, हे मला तेव्हा समजलं. दोन दिवसांनी योग्य मापाचा शाफ्ट मिळाला. माझ्या बटवर बसवून फिरवला, तर तोही उडाला. म्हणजे माझा शाफ्ट निर्दोष, दोष बटमध्ये.

काकांनी बट दोन व्ही-ब्लॉकवर ठेवला आणि डायल गेजची टोकदार सुई पिनेला टेकवून सावकाश फिरवला. काटा पुढे-मागे हलायला लागला. पिन वाकली होती. क्यू सोडताना शाफ्ट फिरवत फिरवत आडवा ओढला की असं होतं. आधीच्या मालकाने ते किती वर्षं केलं असेल कोण जाणे. मीही त्या रात्री वीस वेळा सोडताना तेच केलं होतं.

पिन पकडून सरळ करता येईल का, असं मी विचारलं. “लाकूड फुटेल,” एवढंच उत्तर मिळालं. तोंडाला सॅंडपेपर मारायचा विचारही त्यांनी मोडून काढला, कारण हाताने घासलेला पृष्ठभाग काटकोनात राहत नाही. त्यांनी पिन तापवून तिला आत चिकटवणारी इपॉक्सी नरम केली, जुनी पिन काढली, भोक लेथवर पुन्हा मध्यावर आणलं, नवी पिन बसवली आणि चोवीस तास बट तसाच ठेवला. शेवटी तोंडावरून केसभर जाडीचा एक पास.

सांधा उजेडासमोर धरला तर आता फट दिसत नाही. फरशीवर आपटली की स्वच्छ ‘टक’ आवाज येतो. क्यू घरंगळवली तर टिप कापडाला धरून राहते.

तुमची क्यू डगमगत असेल, तर नवा शाफ्ट घ्यायच्या आधी दोन्ही तुकडे वेगवेगळे फिरवून पाहा आणि सांध्याची तोंडं पुसा. सोडताना शाफ्ट आटे संपेपर्यंत सरळ रेषेत फिरवा, आडवा ओढू नका.